वाटणाऱ्याने आधी प्यायचं

हिराजी, गुरुवारी सकाळी पाळी बदलताना तू भिवंडीत कामतघरच्या कारखान्यात खाली बसलास आणि पुन्हा उठला नाहीस. महिना जानेवारी, साल १९७८. डॉक्टर पोहोचले तेव्हा नाडी लागत नव्हती. दाखल्यावर त्यांनी कारण लिहिलं: हृदयक्रिया बंद पडल्यामुळे.

एवढा मजकूर मी त्याच दिवशी पाकिटात घालून ठाण्याच्या एसटीत दिला. आमच्या दैनिकाने शनिवारी आतल्या पानावर चार ओळी छापल्या. मथळा, 'यंत्रमाग कामगाराचे निधन'. तू कामगार नव्हतास, जॉबर होतास. लूम अडला की ज्याच्या नावाने हाक जाते तो. दुरुस्ती पाठवावी असं वाटलं. पाठवली नाही. असल्या दुरुस्त्या छापत नाहीत.

आज रविवार. बातमीत जे मावलं नाही ते इथे लिहितो.

दाखल्यावरचं कारण चूक नाही. पण तुझं हृदय का बंद पडलं, या प्रश्नाच्या उत्तरापर्यंत आपण जवळजवळ पोहोचलो होतो, आणि ते उत्तर तू मिळू दिलं नाहीस, असं मी शुक्रवारपर्यंत धरून चाललो होतो. त्याचा राग अजून पुरता उतरलेला नाही. तो तुझ्यावर आहे, मुंबईच्या त्या यंत्रावर आहे, आणि खोकल्याच्या एका खाऱ्या औषधावर आहे.

आपलं भांडण जुनं. एसटी स्टँडासमोरच्या हॉटेलात तू माझा पेपर उलटा धरून वाचल्याचं सोंग करायचास आणि मोठ्याने म्हणायचास, "असे समजते, असे समजते. अरे वार्ताहर, तुला समजतंय तरी कोणाकडनं?"

"माहीतगाराकडून."

"मंग त्याचा नाव लिव ना. का त्याला बायको मारंल?"

मी तुला नियम सांगितला होता. दोन वेगळ्या माणसांनी, एकमेकांना न विचारता, एकच गोष्ट सांगितली की ती छापायची. त्याआधी नाही. तू चहा बशीत ओतलास आणि विचारलंस, "आणि दोगं पन लबाड निघाले तर?"

 नियमात हे नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात तुझे हात थरथरायला लागले. आधी गुणावहिनींच्या लक्षात आलं. चार भाकऱ्या खाऊनही तुझा सदरा खांद्यावरून उतरायला लागला होता. तू म्हणालास, कारखान्यात गरम होतंय. कारखान्यात सगळ्यांनाच गरम होतं, पण तू कोन गावात घरी गेल्यावर अंगणात उघडा बसायचास, तसे बाकीचे बसत नव्हते. लूममधून सूत घेऊन जाणाऱ्या धोट्याची फेक जुळवायला हात स्थिर लागतो. एकदा तुझ्या हातातला पाना सुटून खाली पडला, आणि तू तो पाय लागून पडल्याचं सांगितलंस. पाय कुणाचा, हे मात्र सांगता आलं नाही.

वहिनींनी तुला अकलोलीला गरम कुंडात बुडवायला नेलं. तू पाऊल घातलंस आणि बाहेर आलास. परतल्यावर मला म्हणालास, "मना कशाला नेतंय ही तिथं? माज्या आंगातच कुंड हाय."

भिवंडीच्या डॉक्टरांनी तुझी नाडी बराच वेळ धरून ठेवली, मग गळ्याला हात लावला. गळ्यातली एक ग्रंथी जास्त काम करते आहे अशी त्यांना शंका होती. मुंबईत एक तपासणी होते, ती करून या, म्हणाले. तू मला सोबत घेतलंस. कारण तू सांगितलंस ते असं: "तिथं इंग्रजी बोलतील. तुला निदान समजतंय असं तरी वाटंल."

तपासणी दोन दिवसांची होती. ती कशी असते हे तुला समजावून सांगितलं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी, आणि मराठीतच सांगितलं. गळ्यातली ग्रंथी अन्नपाण्यातलं आयोडीन ओढून घेते आणि त्यातून अंगाला वेग देणारा रस बनवते. ती किती भुकेली आहे हे बाहेरून दिसत नाही. म्हणून थोडं खूण केलेलं आयोडीन प्यायला द्यायचं. खूण म्हणजे त्यातून अगदी बारीक किरण निघत राहतात. दुसऱ्या दिवशी गळ्यासमोर यंत्र धरून ते किरण मोजायचे. तेवढंच आयोडीन एका बाटलीत वेगळं ठेवलेलं असतं, तेही मोजायचं. बाटलीतलं शंभर धरलं तर गळ्यात किती पोहोचलं, हा आकडा. ग्रंथी फार काम करत असेल तर आकडा मोठा येतो. मंद असेल तर लहान.

"म्हंजे खूण केलेली गाय सोडाची, आणि सांजच्याला कोणच्या गोठ्यात गेली त्या बगाचा," तू म्हणालास.

बाई हसल्या. म्हणाल्या, "अगदी तसंच."

मग त्यांनी विचारलं. एकेक करून विचारलं, मी शेजारीच उभा होतो. कुठलं औषध चालू आहे? "न्हाय." घशाला काही लावता? "न्हाय." खोकला, ताप, कशावर काही घेता? "न्हाय बाय, मी औशीद घेनारा मानूसच न्हाय."

हे तू खोटं बोलत नव्हतास. तुला तसं खरोखर वाटत होतं. हा सगळा मजकूर या एका उत्तराभोवती फिरतो, म्हणून ते जसंच्या तसं लिहिलं.

तू ते पाणी प्यायलास आणि तोंड वाकडं केलंस, कारण त्याला काहीच चव नव्हती. "हे पानीच हाय. आपल्याला गंडवतान." परतीच्या एसटीत तू शेजारच्या म्हातारीला सांगितलंस की माझ्या पोटात अणू आहे, जरा सरकून बसा. ती सरकली नाही. म्हणाली, माझ्या पोटात गॅस आहे, तूच सरक. भिवंडीपर्यंत तू हसत होतास. त्या सबंध वर्षात तुझा तेवढा मोठा आवाज मी ऐकला नाही.

दुसऱ्या दिवशी यंत्राने तुझा गळा मोजला. मग बाटली मोजली. मग पुन्हा गळा, कारण बाईंचा विश्वास बसेना. तुझे तळहात ओले आणि गरम होते, डोळे मोठे दिसत होते, नाडी धावत होती. आणि आकडा जवळजवळ शून्य. यंत्राच्या म्हणण्याप्रमाणे तुझी ग्रंथी झोपली होती.

बाईंनी तेच प्रश्न परत विचारले. तू तीच उत्तरं परत दिलीस. त्यांनी कागदावर आकडा लिहिला आणि खाली लिहिलं की लक्षणांशी जुळत नाही, तपासणी पुन्हा करावी. भिवंडीच्या डॉक्टरांनी आकडा वाचला. ग्रंथीचा काही दोष नाही, मन शांत ठेवा, म्हणाले, आणि झोपेची गोळी दिली.

तू स्टँडावरच्या हॉटेलात सगळ्यांना चहा पाजलास. माझ्याकडे बोट करून म्हणालास, "एक मशीन बोल्ली काय न्हाय. एक डाक्टर बोल्ला काय न्हाय. एकमेकान्ला न विचारता. दोन झाले. छाप."

मी म्हणालो, डॉक्टर यंत्राचं वाचून बोलले, ते दोन होत नाहीत.

"तुला माजा रोग पायजे हाय," तू म्हणालास. हे तू हसत म्हणालास. नंतर तेच न हसता म्हणालास.

नवरात्राच्या सुमारास मी वीजकपातीच्या बातमीसाठी तुमच्या कारखान्यात आलो होतो. वीज आली तेव्हा पाळी बदलायची वेळ झाली होती. तू हत्यारांच्या पेटीतून एक बाटली काढलीस. बाहेरून कागदाची दातेरी पट्टी चिकटवलेली, डोसाच्या खुणांची. दवाखान्यात मिळते तशी. विणकर रांगेने आले. तू झाकणात औषध ओतलंस, सगळ्यांसमोर स्वतः प्यायलास, आणि मग एकेकाला झाकण भरून दिलंस. त्यावर प्रत्येकाने गुळाचा खडा तोंडात टाकला. सुताच्या कसपटाने सगळ्यांचेच घसे धरलेले. ही रांग मी याआधीही पाहिली असणार. पाहिली आणि लक्षात घेतली नाही.

मी विचारलं, हे काय?

"खारं," तू म्हणालास.

"औषध आहे?"

"औशीद कशाचा? खारं हाय. खोकला सुटतंय. शफीकडनं आनतो." शफी म्हणजे नाक्यावरच्या दवाखान्याचा कंपाउंडर.

"रोज घेतोस?"

"दोन्ही पाळ्यान्ला. वाटनाऱ्याला प्यावाच लागतो."

का, ते अब्बास विणकराने सांगितलं. पूर्वी एकदा कुणीतरी बाटलीची अदलाबदल केली आणि दोन माणसं ओकून आडवी झाली. तेव्हापासून इब्राहिमशेठच्या कारखान्यात रीत पडली: वाटणाऱ्याने आधी प्यायचं, सगळ्यांच्या देखत. तो प्यायला की बाकीचे प्यायचे. तू जॉबर झालास त्या दिवसापासून बाटली तुझ्याकडे. "पाना मिळाला आन बाटली मिळाली," तू म्हणालास. दोन्हींचा तुला सारखाच अभिमान होता.

शफीला मी विचारलं, यात काय असतं. तो सरळ म्हणाला, पोटॅश आयोडाइड, साखर, थोडा अर्क. आयोडाइडने कफ पातळ होतो. सगळ्या भिवंडीला तेच देतो.

मुंबईला जाऊन मी डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मग ग्रंथी आमचं आयोडीन कशाला घेईल? ती रोज दोन वेळा पोटभर जेवलेली आहे. आम्ही वाढलेला घास तसाच परत गेला. भूक नाही म्हणून नाही, ताट आधीच भरलेलं म्हणून."

आकडा खरा होता. त्याचा अर्थ खोटा होता. यंत्राचा दोष नव्हता आणि बाईंचाही नव्हता. त्यांनी औषध विचारलं होतं; खारं विचारलं नव्हतं.

मी म्हणालो, मग आता उपचार सुरू करा. त्या म्हणाल्या, नाही. ग्रंथी खरंच पेटलेली आहे की दुसरंच काही, हे मोजल्याशिवाय ती विझवायचं औषध मी देणार नाही. आयोडाइड या माणसाचं भलं करतंय की वाईट, तेही आज सांगता येत नाही. ते बंद करू दे. दीड-दोन महिने एक थेंब नको. मग परत मोजू. हृदयावर ताण आहे, म्हणून फार लांबवू नका. त्यांनी जानेवारीतला सोमवार दिला. पाणी सोमवारी, मोजणी मंगळवारी.

माझ्या मते त्यांनी थांबायला नको होतं. हे मत आहे, माहिती नाही.

मी निरोप घेऊन कोनला आलो. तू ओट्यावर बसला होतास, अंगात बनियनसुद्धा नव्हतं. मी सगळं क्रमाने सांगितलं. ताट, घास, खारं, सोमवार. तू पूर्ण ऐकलंस. मग म्हणालास, "जमनार न्हाय."

"का?"

"मी न्हाय प्यालो तर पोरं पेनार न्हाय. बोलतील, हिराजीला कायतरी कळलाय."

"मग बाटली दुसऱ्याला दे. अब्बासला दे."

"अब्बासला." तू वहिनींकडे बघून म्हणालास. "ऐक. हातातला पाना तर पडतोच हाय. आता बाटली पन देऊन टाकतो. मंग शेठ इच्यारंल, हिराजी, तू कारखान्यात कशाला येतंस?"

वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमी सांगा यान्ला. माजा ऐकत न्हाय."

मी सांगितलं. सांगण्याची माझी पद्धत तुला माहीत आहे. तू म्हणालास, मी बातमी वाचून दाखवल्यासारखं बोलतो. मी म्हणालो, तू लहान पोरासारखा वागतोस. तू म्हणालास, "तुज्या मशीननी एकदा सांगितला काय न्हाय. आता बोलतंय परत मोजा. आकडा तुला आवडला न्हाय म्हनून परत? इलेक्शन हाय काय?"

दिवाळीनंतर हेच भांडण आणखी दोनदा झालं. दुसऱ्यांदा हॉटेलात, लोकांसमोर. तू म्हणालास, "सोमवार तुजा, तूच जा. तुजाच गळा मोज. लय खोकतंस."

त्यानंतर आपण बोललो ते फक्त वीजकपातीबद्दल आणि एकदा लूमच्या पट्ट्याबद्दल. तुझा आवाज बसला होता. खोकला वाढला होता, आधीपेक्षा स्पष्ट वाढला होता. बोलता बोलता तू थांबून भिंतीला हात लावायचास. मी त्याचा अर्थ तब्येत बिघडते आहे असा घेतला. एखाद्या माणसाचा खोकला आणखी कशाने वाढू शकतो, हा प्रश्न मी विचारला नाही. दुसऱ्या कुणाच्या बातमीत विचारला असता.

तुझे उपकार इथे मांडले तर तू उठून जाशील. एकच लिहितो. या गावात मी नवा आलो तेव्हा कारखान्यांचं काहीच कळत नव्हतं आणि मी ते कबूल करत नव्हतो. तू मला एक सबंध दुपार लूमच्या शेजारी उभं केलंस आणि म्हणालास, "आता लिवू नको. आयक." त्या आवाजात माणसं एकमेकांशी ओठांच्या हालचालींवरून बोलतात, हे मला त्या दुपारी कळलं. त्यानंतर तुमच्या संपाची, आगीची, वीजकपातीची जी बातमी मी दिली ती चुकली नाही. माझं नाव झालं. तुझं नाव मी कधी छापलं नाही. 'माहीतगार सूत्रांकडून' असं छापलं. तू ते सोंग करून मोठ्याने वाचायचास आणि हॉटेलातल्या कुणाला कळायचं नाही की तू तुझंच नाव वाचतो आहेस.

गुरुवारचं अब्बासकडून मिळालं ते असं. रात्रपाळी संपत होती. तू पेटीत वाकून झाकण भरलंस, बाटली काढलीस, सगळ्यांसमोर प्यायलास. रांगेतल्या सगळ्यांना दिलंस. बाटली पेटीत ठेवलीस. मग पेटीशेजारीच बसलास. अब्बासला वाटलं, काही शोधतो आहेस.

ते ऐकून मला जे वाटलं ते लिहितो, कारण ते चुकीचं निघालं. मला वाटलं, शेवटच्या सकाळीसुद्धा प्यायलास. सोमवार तोंडावर आला होता आणि तू हट्टाने प्यायलास. गुरुवारी संध्याकाळी तुझ्या अंगणात लोक बसले होते आणि मी मागच्या बाजूला उभा होतो, कारण पुढे आलो असतो तर वहिनींसमोर तुझ्यावर चिडलो असतो.

शुक्रवारी अब्बासने हत्यारांची पेटी घरी आणून दिली. वहिनींनी ती माझ्यासमोर उघडली. पाने, पक्कड, पट्ट्याचे तुकडे, सुती चिंधी. आणि बाटल्या दोन. एक मोठी, शफीची, पट्टीवाली, अर्धी. दुसरी लहान, बिनपट्टीची, तळाशी थोडं पाणी.

मी लहान बाटली उचलली. वहिनी म्हणाल्या, "ती त्यांची हाय."

"यात काय आहे?"

"मीठपानी. खडेमीठ उकळून रोज मीच भरून देतंय. दिवाळीच्या आदीपास्नं."

"कशाला?"

"मना बोल्ले, खारं बंद केलाय, पन पोरान्ला कळाचा न्हाय. पेटीतच झाकनात हे ओततो आन त्यांच्या म्होरं पेतो. चव तर खारीच." मग म्हणाल्या, "तुमाला सांगू नको बोल्ले. बोल्ले, त्याला सांगितला तर तो जिंकला असा होल."

एका माणसाचं सांगणं झालं. मी लहान बाटली शफीकडे नेली. वहिनींनी काय सांगितलं ते त्याला सांगितलं नाही. त्याने बोट बुडवून जिभेला लावलं, थुंकलं, परत लावलं.

"ये हमारा नहीं है," तो म्हणाला. "नमक है. सिर्फ नमक."

दोन झाले.

दिवाळीच्या आधीपासून म्हणजे डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली मुदत पुरी होऊन गेली होती. हॉटेलात तू 'सोमवार तुझा' म्हणालास तेव्हा खारं सोडून तुला बरेच दिवस झाले होते. खोकला त्यानेच वाढला होता. हे बाईंना विचारून लिहितो आहे. त्या म्हणाल्या, शक्य आहे, खात्री देता येणार नाही. ग्रंथीचं काय होतं, हेही आता सांगता येणार नाही. गळा मोजला गेलेला नाही. त्यामुळे दाखल्यावर आहे तेच कारण राहील आणि मीही तेच लिहीन.

आज सकाळी इब्राहिमशेठ कोनला आले. ओट्यावर बसले, वहिनींशी बोलले. निघताना मी त्यांना विचारलं की गेल्या आठवड्यात हिराजी तुमच्याशी काही बोलला होता का.

"बुधवारी बोलला," ते म्हणाले. "सुट्टी पाहिजे म्हणाला. मी म्हटलं, कधी? म्हणाला, सोमवार आणि मंगळवार."

अब्बासला मी वेगळं विचारलं. बुधवारी तू त्याला सांगितलं होतंस की सोमवारी आणि मंगळवारी बाटली त्याने वाटायची, आणि आधी स्वतः प्यायची.